बटणातली आगकाडी

शकुंतलाताईंना दवाखान्यात नेल्यावर मी कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसवरचं रक्त पुसायला घेतलं, तेव्हा डाव्या बटणात खुपसलेली आगकाडी दिसली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते. काडी खुपसली की बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा आणि काम झपाट्यानं. त्याच मोकळ्या हाताची तीन बोटं पत्र्यासारखी चेपली होती. भिंतीवर मी हौसेनं रंगवून घेतलेल्या ‘इथे माणूस आधी’वर शिंतोडे उडाले होते.

"कुणी शिकवलं हे?" मी खेकसलो.

"सगळेच लावतात, साहेब," शेजारच्या प्रेसवरचे पवारकाका म्हणाले. "दर शनिवारी सगळ्यात जास्त नग काढणाऱ्याला हार कोण घालतं?"

मी एकेका प्रेसमधली काडी उपटत गेलो. मूठ भरली. ती आवळताना मला माझी पाचही बोटं जाणवली.