आधी ज्युनिअर बोलेल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि बारामतीतल्या एका खाजगी इस्पितळात रुजू झालो. फौजेत चोवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "शिकाऊ सर्जनना टाके घालायला मी शिकवतो. टीम चालवायला आणि चुका कमी करायला तुम्ही शिकवा."

खोली एसटी स्टँडमागं होती. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. पहाटे पाचला उठून दाढी करायचो. ड्युटी साडेआठची. मधले साडेतीन तास खायला उठायचे, खोटं कशाला सांगू.

माझा नियम एकच. ऑपरेशन संपलं की पाच मिनिटं थांबायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. सर्वांत ज्युनिअर आधी, साहेब शेवटी. फौजेतले चांगले अधिकारी असंच करतात. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांच्या नुसत्या माना हलतात. शिकाऊ सर्जन डॉ. इनामदार हुशार, पण तापट. ते हसले. "म्हणजे सखुमावशी मला सर्जरी शिकवणार?" सखुमावशी थिएटरमध्ये रक्त टिपायचे मॉप मोजायच्या आणि आकडा फळ्यावर लिहायच्या.

एकदा मोठे डॉक्टर बाहेरगावी होते. शेळगावचा पेशंट आला. मोटारसायकलवरून पडलेला, प्लीहा फुटलेली. सव्वाअकराला ऑपरेशन सुरू झालं; मीही थिएटरमध्ये होतो. साडेबाराला इनामदार पोट शिवायला लागले.

"सायेब, येक मॉप कमी हाय," मावशी म्हणाल्या.

"परत मोजा."

"दोनदा मोजलं. न्हाय भरत."

"बीपी उतरतंय! शिवू द्या मला."

मावशी टेबलाजवळ आल्या. "थांबा सायेब. पोटातच हाय त्यो."

इनामदारांचा हात थांबला. त्यांनी टाके उसवले. मॉप यकृतामागं सापडला. पेशंट वाचला.

बैठकीत मावशी आधी बोलल्या. मग माझी पाळी. इनामदारांनी विचारलं, "सुभेदार, फळ्यावरचा आकडा तुम्हालाही दिसत होता. तुम्ही गप्प का?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. साहेबांचा आवाज चढला आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या होत्या. "सर," मी म्हणालो, "हे माझं दुसऱ्यांदा झालंय."

मग पहिल्यांदाच कुणाला तरी नाईक ज्ञानदेवबद्दल सांगितलं. सीमेवरचं फील्ड हॉस्पिटल. एकाच नावाचे दोन जवान जखमी. रक्ताच्या बाटलीवरचं नाव जुळत होतं, फौजी नंबर जुळत नव्हता. मी पाहिलं. कॅप्टन घाईत होते. "लगाओ." मी लावली. ज्ञानदेव त्या चुकीच्या रक्तानं गेला; त्याची जखम मरण्याजोगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं ज्ञानदेवच्या गावी, मोरगावला गेलो. इतक्या वर्षांत तिकडं फिरकायची हिंमत झाली नव्हती. त्याचे वडील, आबा, शेळ्या सोडत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आबांनी हातातली शेळी परत खुंट्याला बांधली.

"शेवटाला काय म्हनला का?"

"थंडी वाजतीय म्हणाला, आबा. मी दोन ब्लँकेटं घातली."

"व्हय," आबा म्हणाले. "थंडी सोसायची न्हाय त्याला. ल्हानपनापासनं."