कोपऱ्यावरचा कट्टा

कोपऱ्यावरचा कट्टा नगरपालिकेनं तोडला. पोरं तिथं बसून टवाळक्या करायची, मुलींना छेडायची. म्हणून पोलीस, शाळा आणि आमच्या सोसायटीनं एकत्र बसून तसं ठरवलं होतं. काम चोख झालं. आता तिथं गुळगुळीत सिमेंट आहे आणि कसलाच आवाज नाही. त्रास गेला म्हणजे तो नेमका कुठं गेला, हे बैठकीत कुणी विचारलं नव्हतं.

काल दिवेलागणीला मागच्या चाळीतल्या सुमनताई सवयीनं तिथवर आल्या, मुलाला जेवायला हाक मारली आणि थबकल्या.

"आता कुठं बसतात हो ती पोरं?" मी विचारलं.

"काय माहीत! आमचा पोरगा इथं असायचा तेव्हा शिव्या घालून का होईना, घरी तरी नेता यायचा."

पुन्हा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. पण कुठल्या दिशेला मारावी, तेच त्यांना कळेना.