सनी राहिलाय

मेमरी कार्ड भरलं की आम्ही फोटोवाले जुने फोटो उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत, साचतच जातात. घाटकोपरला माझा पासपोर्ट फोटोंचा छोटा स्टुडिओ आहे. मित्र दिन्या लग्नांचे फोटो काढतो आणि चेंबूरचा शिंदे पेपरात आहे. तिघं चहाला भेटलो की पूर्वी कुठला नवरदेव घोडीवरून कसा पडला, असलं काहीतरी निघायचं. गेल्या पावसाळ्यात स्टुडिओमागच्या टेकडीची दरड पायथ्याच्या वस्तीवर आली. तेव्हापासून निघतं ते त्या वस्तीतल्या पोरांचंच.

*

वाचलेली कुटुंबं एका शाळेत आणून ठेवली होती. चॅनलवाले, संस्थावाले, पुढारी, सगळ्यांचे कॅमेरे तिथं. लोकांची कागदपत्रं मातीखाली गेली होती, म्हणून मी छोटा प्रिंटर घेऊन पासपोर्ट फोटो काढून द्यायला गेलो. कॅमेरा बाहेर काढला तर एक चिमुरडा समोर येऊन उभा राहिला. एकदम धंदेवाईक!

"काका, रडका पाहिजे की साधा?"

मी म्हटलं, "साधा."

"मग थांबा, नाक पुसून येतो."

*

शिंदेने काढलेला वस्तीतल्या रोहनचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. ढिगाऱ्यावर बसलेला रोहन. पोरगा खूश होईल म्हणून शिंदे अंक घेऊन त्याच्याकडे गेला. रोहनने बोट ठेवून फोटोखालची ओळ वाचली, 'दुर्घटनेतून वाचलेला एक मुलगा'.

"एक मुलगा काय? नाव विचारलंच नाय ना तुम्ही!"

शिंदेने घाईघाईने नाव विचारलं.

"आता काय उपयोग? छापून झालं ना!"

*

सगळ्यांचे अल्बम गेले होते, तेव्हा प्रत्येक घराला एकेक फॅमिली फोटो काढून द्यायचा, ही आयडिया दिन्याची. सुनंदाताई आणि त्यांची नऊ वर्षांची आरोही समोर येऊन बसल्या. दिन्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने लग्नातलं वाक्य तोंडून गेलं, "घरचे सगळे आले ना? कोण राहिलं असेल तर हाक मारा!"

आरोहीने वर्गात करतात तसा हात वर केला.

"सनी राहिलाय."

सनी तिचा भाऊ, वर्षाने धाकटा. दरडीत गेला. सुनंदाताई तशाच कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. दिन्या कॅमेरा माझ्या हातात कोंबून बाहेर निघून गेला. ते वाक्य तो आता लग्नातही बोलत नाही.

*

सनीचा एकही फोटो उरला नव्हता. होते ते सगळे आईच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल मातीखाली. सनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला होता. बुद्धमूर्तीशेजारी मेणबत्ती लावून पोराचा फोटो ठेवायचा, तर फोटोच नाही! सुनंदाताईंचं एकच चाललं होतं, "दादा, एक तरी शोधा ओ. त्याचं तोंड विसरले तर काय करू मी?" ऐकवत नव्हतं.

दिन्याने त्या वस्तीतली बरीच लग्नं केली होती. आरोहीला घेऊन आम्ही तिघं माझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो. एका फोटोत बँडवाल्याच्या ढोलामागे सनीचे नुसते पाय. एकात आइस्क्रीमच्या कपामागे अर्धा चेहरा पुसट, एक कान तेवढा स्पष्ट.

"हा सनीचा कान!" आरोही ओरडली.

"अख्खं तोंड एकातही कसं नाही रे?" शिंदे वैतागला.

दिन्या म्हणाला, "पोरं फ्रेममध्ये घुसतात यार. मी हाकलतो त्यांना." मग बराच वेळ तो नुसता माऊस फिरवत बसला.

उठताना आरोही म्हणाली, "आमचे कान सेम आहेत. तोंड पण. लोक फसायचे." आम्ही हो हो म्हटलं.

*

मदत म्हणून आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात धड कॉलरचा, सगळी बटणं असलेला एकच शर्ट निघाला. निळा. पासपोर्ट फोटोच्या रांगेतलं पोर तो घालायचं, फोटो झाला की काढून पुढच्याला द्यायचं. त्याला तो गरमागरमच मिळायचा! माझ्या कॉम्प्युटरवर त्या वस्तीतली सगळी पोरं एकाच शर्टात आहेत.

*

रांग संपली. मी पांढरा पडदा गुंडाळत होतो, तर तोच शर्ट घालून अजून एक मुलगा स्टुलावर येऊन बसला. केस पाणी लावून चापलेले. बघतो तर आरोही! लांब केस तिने मागे कॉलरमध्ये खोचले होते.

"कुठे होतीस गं? तुझा फोटो राहिलाय."

"माझा नाय. सनीचा काढा."

"अगं..."

"आणि हस म्हणू नका. तो फोटोत हसायचा नाय. असा करायचा." तिने भुवया वर चढवल्या आणि श्वास रोखून बसली.

मला रडू येत होतं. तरी काढला.

प्रिंट घेऊन ती आईकडे पळाली. "मम्मी, सनीचा मिळाला!"

मी मागे उभा होतो. सुनंदाताईंनी फोटो हातात घेतला. भुवईवरून, कानावरून बोट फिरवलं. मग समोरच्या निळ्या शर्टाकडे बघितलं. म्हणाल्या, "सनीच आहे."

आरोहीचा चेहरा उजळला.

सुनंदाताईंनी फोटो पदराखाली ठेवला. आरोहीला जवळ ओढलं, शर्टाची बटणं काढली, आतला फ्रॉक सारखा केला. ओले केस बोटांनी सोडवून दोन घट्ट वेण्या घातल्या. मग तिला माझ्यासमोर उभी करून म्हणाल्या,

"दादा, आता आरोहीचा काढा. हसताना."