खुर्चीचं घर

मिस्त्रींनी लष्करात बावीस वर्षं ट्रक दुरुस्त केले. थंडीने बोटं बधिर व्हायची, नट हातातून निसटायचे, पण त्यांची गाडी कधी मागे राहिली नाही. आता आठ वर्षं ते शहरातले पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि बायकोसोबत तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतात. बायकोच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे केव्हाच हात टेकलेत. त्यात मालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

नगरपालिकेने पाच वर्षांपूर्वी माजी सैनिकांसाठी परवडतील अशी बारा बैठी घरं बांधली होती. मिस्त्री अर्ज घेऊन गेले. कारकुनाने कागद उलटेपालटे केले.

"शहरात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला लागेल."

"आठ वर्षांचा आहे."

"त्याआधी कुठे होतात?"

"सीमेवर."

"म्हणजे शहराबाहेर. मग नियमात बसत नाही, काका."

घर सैनिकासाठी आणि अट काय, तर गड्याने शहर सोडून कुठे जायचं नाही! ज्या शहाण्याने हा नियम लिहिला, त्याला शिव्या घालतच मिस्त्री जिना चढले. बायकोने भांडी बांधायला घेतली होती. ते बघून त्यांना जास्तच संताप आला.

आठवड्याने सैनिक वसाहतीतला पंप बंद पडला. तेव्हा मात्र नगरपालिकेला मिस्त्री बरोबर आठवले. काम आटोपून हात पुसताना त्यांनी पाहिलं, बारापैकी नऊ घरांना कुलूप होतं. एका खिडकीतून आत डोकावले, तर स्वयंपाकघरात छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या. कोपऱ्यात सतरंज्यांच्या वळकट्या. आणि मधोमध, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली, लाल मखमलीची खुर्ची. तिला ते चांगलेच ओळखत होते. दरवर्षी सैनिकांच्या सत्काराला नगरपालिका त्यांना तिच्यावरच बसवायची.

यंदाही बसवलं. नगराध्यक्षांनी 'आपल्या शहराचे सुपुत्र' म्हणत गळा काढला आणि ध्वनिक्षेपक पुढे केला. "दोन शब्द बोला."

मिस्त्री उठले. "ही खुर्ची पाच वर्षं सैनिक वसाहतीत राहते. तिच्याकडे पंधरा वर्षांचा दाखला आहे का?"

पहिल्या रांगेतला कारकून चपलांकडे बघत बसला.

"नसेल तर राहू द्या. हिला घरी सोडून येतो," असं म्हणून मिस्त्रींनी खुर्ची खांद्यावर घेतली. मंडपातून बायकोही लंगडत निघाली. नगराध्यक्ष "अहो, अहो" करत राहिले.

वसाहतीत त्या कुलूपबंद घरासमोर मिस्त्रींनी खुर्ची मांडली आणि बायकोला तिच्यावर बसवलं.

"कुलूप उघडेपर्यंत उठायचं नाही," ते म्हणाले.

"मी कशाला उठतेय," ती म्हणाली. "इथे जिनाच नाही."