नागपूरचा गाइड, भोपाळचा सिलॅबस

"मॅडम, इथं सही करा. सात नावं आहेत." प्राचार्यांनी कागद सरकवला आणि पेनचं टोपणही काढून दिलं.

बारावी सायन्सची सात मुलं सहामाहीत केमिस्ट्रीत नापास झाली होती. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या त्या खासगी शाळेत अशा मुलांच्या पालकांना बोलावत. 'घरगुती कारणामुळे माझा पाल्य यंदा परीक्षा देणार नाही' असा अर्ज त्यांच्याकडून लिहून घेत. बोर्डाचा रिझल्ट शंभर टक्के राहायचा. मुलाचं एक वर्ष जायचं. अर्जाआधी विषयशिक्षकाची सही लागे, म्हणजे माझी.

"पेपर पाहू द्या आधी," मी म्हटलं.

आईच्या ऑपरेशनमुळे मी पंधरा दिवस पांढुर्ण्यात होते. त्या काळात पेपर काढला आणि तपासला होता ढोटे सरांनी. ते अकरावीला शिकवतात आणि घरी ट्यूशनही घेतात.

"पेपर पाहून काय करता? मार्क्स तर लागले."

"तरी पाहते."

पहिलाच प्रश्न युनिट सेलचा. स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या डब्यांची रास. त्यातला सर्वांत लहान डबा म्हणजे युनिट सेल. संत्र्याच्या ट्रकात क्रेटवर क्रेट चढवतात तसं समजा. पुढचं गणित पॅकिंग एफिशियन्सीचं, म्हणजे क्रेटमध्ये फळ किती आणि रिकामी जागा किती. चांगला धडा आहे. मी तो वर्षानुवर्षं शिकवला. पण आमच्या बोर्डाने तो बारावीतून काढून टाकलाय. खाली बफर सोल्यूशनचे प्रश्न. तो भाग आमच्याकडे अकरावीत असतो. सत्तरपैकी एकोणीस मार्कांचं असं निघालं.

मी स्टाफरूममध्ये गेले. ढोटे सर डबा खात होते.

"सर, हा पेपर कशातून काढला?"

"गाइडातून. नागपूरहून आणला. मराठीत काय मस्त समजावलं आहे मॅडम! पोट्ट्यायले हिंदी पुस्तक समजतच नाही."

"तो महाराष्ट्र बोर्डाचा गाइड आहे. त्यांच्याकडे सॉलिड स्टेट अजून आहे."

सरांचा घास थांबला. "अरे बाप्पा."

आमच्याकडे हे सहज होतं. कापड नागपूरचं, डॉक्टर नागपूरचा, तसा गाइडही नागपूरचा. घरात मराठी, वहीत हिंदी आणि परीक्षा भोपाळची. सर वाईट माणूस नाहीत. फक्त आपल्या बोर्डाचा सिलॅबस त्यांनी उघडला नव्हता.

नापासांच्या यादीत पहिलं नाव वैशालीचं होतं. रामाकोन्याची पोरगी, रोज बसने येते. तिला विचारलं, "पेपर पाहून बोलली का नाहीस?"

"बोलली ना मॅडम. सर म्हणे, मॅडमनं शिकवलं नसंन तुमाले."

हे ऐकल्यावर मी प्राचार्यांकडे तडक परत गेले. तिथे वैशालीचे वडील उभे होते. इथल्या नगर परिषदेत ते पाण्याचा पंप चालवतात. हातात कोरा कागद होता.

"मॅडम, साहेबानं अर्ज लिहून मांगला. पोरगी तर रोज अभ्यास करते. घरीच बसवू का मंग?"

"काही लिहू नका. कागद घडी करून खिशात ठेवा. पेपरातले दोन चॅप्टर यंदाच्या सिलॅबसमध्ये नाहीतच."

प्राचार्यांचा आवाज चढला. "मॅडम, तुम्ही काऊन अडून राहिल्या? दोन चॅप्टरचं काय घेऊन बसल्या? शिकलेलं वाया जात नाही."

"न शिकलेल्याचे मार्क्स जातात ना, सर."

"ढोटे सर सीनियर आहेत."

"सिलॅबस त्यांच्याहून नवा आहे."

वैशालीचे वडील खाली पाहून हसले. प्राचार्यांना ते अजिबात आवडलं नाही.

मी पेपर आणि सिलॅबस शेजारी ठेवले. सिलॅबसबाहेरच्या प्रत्येक प्रश्नाला लाल गोल केला. खाली मुद्दाम लिहिलं, 'वरील गोल केलेले प्रश्न यंदाच्या अभ्यासक्रमात आहेत.' आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"माझी सही पाहिजे ना? आधी तुम्ही यावर करा. मग मी सातही नावांवर करते."

"तुम्ही शाळेची बदनामी करून राहिल्या."

"मी सही मागून राहिली, सर. तुम्हीही तेच करत होता."

त्यांनी पेनला हात लावला नाही. मी फेरपरीक्षेचा अर्ज तिथेच लिहिला आणि ऑफिसातल्या कारकून बाबूजींकडून आवक शिक्का मारून घेतला. बाबूजी आधी साहेबांकडे पाहत बसले. मी म्हटलं, "शिक्का नाही मारला, तर बोर्डाला रजिस्टर पोस्टाने पाठवते." शिक्का बसला.

फेरपरीक्षा आठ दिवसांनी झाली, सगळ्या वर्गाची. पेपर मी काढला, सोपा काढला नाही. तपासायला ढोटे सरांनाच दिला. कोणी माझ्यावर मेहेरबानीचा आरोप करू नये म्हणून. सातपैकी सहा पास झाले. लोधीखेड्याचा एक मुलगा पुन्हा नापास झाला. ते मात्र खरंच त्याचं आणि माझं अपयश. त्याच्या नावावरही मी सही केली नाही. मार्चपर्यंत रोज शाळा सुटल्यावर त्याला बसवलं. तो बोर्डात काठावर पास झाला. वैशाली आता छिंदवाड्याला बीएस्सी करते.

पुढच्या वर्षीच्या टाइमटेबलमध्ये माझ्याकडून बारावी काढून घेतली. नववीचं सायन्स दिलं. "तुम्हाला थोडा आराम," प्राचार्य म्हणाले.

शिकवणाऱ्याने सिलॅबस दरवर्षी स्वतः उघडून वाचावा, आणि पेपर पाहिल्याशिवाय निकालावर सही करू नये. एवढं एक काम केलं की बाकीचे त्रास आपोआप मागे लागतात. नववीच्या पहिल्याच घटक चाचणीचा पेपर दुसऱ्याने काढला होता, त्यात मला दोन प्रश्न सिलॅबसबाहेरचे सापडले. लेखी कळवलं आहे.