कुठी चालली वं?

कॅन्सरवाले चार जण एका जागी बसले की लोकांले वाटते, रडूनच राहिले असतील. रडणं घरी होऊन जाते. आमच्याजवळ किस्से उरतात, अन् एक सांगून होत नाही तं दुसरा तोंड काढते.

तिरोड्याहून फिजिओथेरपीवाली पोरगी, आमची ताई, आठवड्यातून एकदा गावात येते. समाजमंदिरात आम्हाले कसरत शिकवते. फक्त शेजारची सून, सकून, येत नव्हती. ताई म्हणे, ती अशीच खाटेवर पडून राहिली तं ताकद जाईल, पुढची किमो झेपणार नाही. तिले रोज चालवा. पण नणंदेचं लगन जुळून राहिलं होतं, घरानं आजार लपवला होता. नवरा सुदाम म्हणे, बाहेर निघाली तं लोक विचारतील.

म्हणून मीच तिच्या खाटेजवळ बसून किस्से सांगू लागली.

*

पहिला माझाच. छातीच्या ऑपरेशननंतर सुनेनं माझ्या हातातला झाडूही काढून घेतला. तरी मी ताईले ऐकवलं, "बाई, कसरत तं ज्याले काम नाही त्यानं करावी."

"मग सध्या तुमच्याकडे कोणतं काम आहे, आजी?"

मी गुमान हात वर केला. खांद्यापाशीच अडकला.

*

मग ताईनं भिंतीवरून बोटं वर चालवाले लावली. आम्ही बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या. सरपंच दारातून म्हणाले, "मुंग्या मारून राहिल्या काय?"

आमच्यातली सिंधू म्हणे, "नाही भाऊ, आम्हीच मुंग्या होऊन राहिलो."

*

आमच्यातल्याच रामाजीचं गालाचं ऑपरेशन झालं, तोंड उघडेना. ताईनं आइस्क्रीमच्या काड्या दिल्या. दातांत धरायच्या, सोसेल तशी एकेक वाढवायची. बायको म्हणे, "जिंदगीभर तंबाखूचा खर्रा चघळला, आता लाकडं चघळा." पण काड्या रोज धुवून तीच देई.

एका दुपारी जेवताना त्याच्या तोंडून पहिल्यांदा साफ निघालं, "मीठ नाही."

याच बोलण्यावरून जन्मभर भांडलेली ती बाई परसात जाऊन रडली.

*

सिंधू धानाच्या रोवणीआधी गेली. चुलीपुढून तशीच धावत यायची, म्हणून समाजमंदिराच्या भिंतीवर तिच्या बोटांचे हळदीचे डाग आहेत. कोणी पुसले नाहीत.

हा किस्सा सकूननं ऐकला. दुसऱ्या दिवशी उठली.

*

बाईमाणूस तलावाच्या पाळीवर रिकाम्या हातानं चाललं की जो भेटेल तो विचारते, "कुठी चालली वं?" म्हणून सकूननं रिकामा डबा घेतला. कोणी विचारलं तं सांगायचं, घरधन्याचा डबा. सुदाम सकाळीच गोंदियाले जातो म्हणून निघाला होता. मी सोबत होती.

पाळीच्या वळणावर मोहाच्या झाडाखाली माणसं जेवाले बसली होती. त्यांच्यात सुदाम; गोंदियाले गेलाच नव्हता.

"घे, सुदाम, तुहा डबा आला," एक जण म्हणाला.

सकूनचे पाय तिथंच थांबले. सुदामनं तिच्याकडे पाहिलं, उठून डबा हातात घेतला. हातात घेताच त्याले कळलं असेल. थोडा पाठमोरा बसला, झाकण काढलं, डबा मांडीशी धरला. डब्यात हात घातला, तोंडाकडे नेला, चावला. परत घातला.

"काय आणलं वहिनीनं?"

"वांग्याची भाजी."

"दे ना थोडी."

"आज मलेच पुरून नाही राहिली."

हात धुतला, झाकण लावलं, डबा सकूनच्या हातात दिला.

"उद्याही आणजो," तो म्हणाला.