काकांना न सापडलेला शब्द

इंग्रजी भाषेची जितकी काळजी रेवदंड्यात माझ्या मावशीच्या यजमानांनी वाहिली, तितकी खुद्द इंग्रजांनी विलायतेतही वाहिली नसेल. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मुंबईची कारकुनी संपवून परतलेले काका नारळीच्या वाडीत बसून इंग्रजी शब्द सोवळ्यासारखे जपत. दोन शब्दांचा अर्थ एकच आहे, असं कुणी म्हटलं की त्यांना घरात चोरी झाल्यासारखं वाटे. एकदा वादळात पोफळ कलंडली. मावशीने टेकू आणायला सांगितलं, तर 'सपोर्ट' आणि 'प्रॉप' यांतला फरक तिला समजावत ते उभे राहिले आणि पोफळ गोठ्यावर आली. "प्रॉपच हवा होता," ते शांतपणे म्हणाले.

मावशी गावच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. एका वर्षी तिने कोळीवाड्यातल्या मुलींना इतर मुलींच्याच सतरंजीवर बसवलं. गावातल्या बड्यांनी वर तक्रार केली: हिला काढा, नाहीतर आमच्या मुली येणार नाहीत. चौकशीला गोरा साहेब येणार होता, आणि त्याच्याशी बोलण्याइतकं इंग्रजी एकट्या काकांकडे होतं. एका मुलीची आई बाजाराला जाताना रोज दारात थांबून विचारी, "बायची शाला बंद व्हनार का वो?" शब्द शोधतोय, असं काका तिला सांगत.

शब्द काही सापडेना. सपोर्ट म्हणजे आधार, तो पडक्याला देतात. ही कुठे पडते आहे? डिफेन्ड म्हणजे बचाव, म्हणजे गुन्हा आधीच कबूल. अपहोल्ड म्हणजे उचलून धरणं. हिला उचलणारा मी कोण? जेवताना, न्हाताना हेच. शेवटी मावशी म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत तरी मुली तिथेच बसतील."

साहेब शाळेत आला. काकांना बड्यांच्या रांगेत खुर्ची होती. पत्नीने केलं त्याला तुमचा पाठिंबा आहे का, असं साहेबाने विचारलं, आणि शब्द वापरला नेमका 'सपोर्ट'. काकांचा चेहरा कडू झाला. ते उठले, धोतर सावरत सतरंजीपर्यंत गेले आणि कोळ्यांच्या दोन मुलींच्या मध्ये मांडी घालून बसले.

"सर, माय प्लेस इज हियर," ते म्हणाले.

मावशीची नोकरी राहिली. बड्यांच्या मुली गेल्या, आणि हळूहळू एकेक करून परतल्याही. काकांच्या घरचं हळदीकुंकू मात्र गावाने बरीच वर्षं टाळलं.

ते गेले तेव्हा नातलगांपैकी मी एकटाच वेळेवर पोचलो. शेजारी आपापल्या ओट्यांवरून बघत होते. कोळीवाड्यातले पुरुष होड्या तशाच सोडून आले आणि तिरडीपासून चार हात लांब थांबले.

"घ्या रे," मावशी म्हणाली.

त्यांनी काकांना खांद्यावर घेतलं. रस्ता वळेपर्यंत ती दारात उभी होती.